ग्रीन स्वॅम्पमध्ये चार दिवस : कीटकभक्षी झाडांची फुलं आणि केस

पहिला दिवस

गाडीतून उतरल्या उतरल्या ताईने दहापट मोठं दाखवणारं भिंग दोरीने गळ्यात अडकवलं आणि मला बजावलं, "सापळे सगळेच बघतात. आपण फुलं बघायला आलोय. फुलं आणि केस."

ताईने आयुष्यभर वनस्पतिशास्त्र शिकवलं. मला नुसती फुलांची आवड. पण निघायच्या आधी तिने एक प्रश्न माझ्या डोक्यात सोडून दिला होता, तो काही केल्या जाईना. झाडाला पोटाला किडा लागतो आणि बी धरायलाही किडाच लागतो. मग परागकण घेऊन येणारा किडा पानातच अडकला तर? ज्याच्या हाती पत्र द्यायचं त्यालाच गिळायचं, असं कुठलं झाड कसं करेल?

अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायना राज्यातलं विल्मिंग्टन हे शहर निवडलं ते याचसाठी. व्हीनस फ्लायट्रॅप, म्हणजे पान मिटून किडा पकडणारं झाड, आता जगभर कुंड्यांमधून वाढतं, पण मुळात ते या शहराच्या आजूबाजूच्या शंभर-सव्वाशे किलोमीटरच्या टापूतलं, दोन्ही कॅरोलायनांच्या किनारपट्टीवरचं. 1759 साली इथले गव्हर्नर आर्थर डॉब्ज यांनी पत्रातून त्याची खबर इंग्लंडला कळवली, तोवर बाहेरच्या जगाला त्याचा पत्ताच नव्हता.

पहिला दिवस शहरातल्या स्टॅन्ली रेडर कार्निव्होरस प्लँट गार्डनमध्ये काढला. बाग लहान, पण सारासेनिया इतक्या जवळून बघायला मिळतात की गुडघे टेकून बसलं की झालं. सारासेनिया म्हणजे उभ्या नळीसारखी पानं असलेली झाडं. आपल्याकडच्या पुस्तकांतली घटपर्णी ती ही नव्हे. घटपर्णीच्या पानाच्या टोकाला वेलीसारखा तंतू येतो आणि त्याच्या शेवटी घट लोंबतो. सारासेनियाचं अख्खं पानच नळी होऊन जमिनीतून उभं राहतं. सापळा सारखा दिसला म्हणून दोघींना बहिणी समजू नये हे फूल बघितलं की लगेच कळतं. घटपर्णीची फुलं बारीक, पाकळ्या नसलेली, नर एका झाडावर आणि मादी दुसऱ्यावर. सारासेनियाचं फूल मात्र एकेकटं, उंच दांड्यावर, खाली मान घातलेलं आणि हाताच्या तळव्याएवढंही असू शकतं.

मे महिन्याचा तिसरा आठवडा होता. पिवळ्या सारासेनिया फ्लाव्हाच्या पाकळ्या गळून गेल्या होत्या, पण मला वाटलं होतं तसा तो तोटा नव्हताच. पाकळ्या गेल्यामुळे आतला सांगाडा उघडा पडला होता. वर पाच जाड निदलं, म्हणजे कळीला झाकणारी बाहेरची पानं, आणि खाली चक्क उलटी धरलेली छत्री. कुक्षीवृंत, म्हणजे फुलाच्या मादी भागाचा दांडा, एरवी काडीसारखा असतो, तो इथे टोकाला पसरून छत्री झालेला. छत्रीला पाच कोपरे, आणि प्रत्येक कोपऱ्याच्या टोकाशी टाचणीच्या डोक्याहूनही लहान अशी कुक्षी. भिंगातून बघितली तर एक छोटासा बाक आलेला उंचवटा, बस्स. एवढ्या मोठ्या फुलात परागकण स्वीकारायच्या जागा फक्त या पाच.

"आता पाकळ्या लावून बघ," ताई म्हणाली. तशी सोय शेजारीच होती. लाल फुलांची सारासेनिया रुब्रा उशिरा फुलते, तिच्या दोन-तीन फुलांवर पाकळ्या अजून टिकून होत्या. पाच पाकळ्या छत्रीच्या दोन कोपऱ्यांमधल्या खाचेतून पडद्यासारख्या खाली लोंबत होत्या. म्हणजे खाचा बंद. आत जायची वाट उरते ती फक्त कोपऱ्यावरून, आणि कोपऱ्यावर तर कुक्षी बसलेली. भुंग्यासारखी एक जाड मधमाशी आली, कोपऱ्याशी घुटमळली, अंग चोरून आत शिरली. छत्रीत वरच्या पुंकेसरांतून, म्हणजे फुलाच्या नर भागांतून, गळलेले परागकण साचलेले असतात, त्यात ती लोळली. आणि बाहेर निघाली ती आलेल्या वाटेने नाही. पाकळीचा पडदा डोक्याने उचलून सरळ खालून निसटली. येताना दुसऱ्या फुलाचे कण कुक्षीला लावायचे, जाताना स्वतःच्याच फुलाची कुक्षी टाळायची, आणि हे सगळं फक्त घडणीच्या जोरावर.

मी तिथेच मटकन बसले. ताई काही बोलली नाही, तिने फक्त माझ्याकडे बघून मान हलवली.

संध्याकाळकडे वाटेच्या कडेला गेल्या वर्षीची एक वाळून उभी फाटलेली नळी सापडली. ती ताईने उचलली नाही, जागेवरच भिंग नेलं. इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ हूकर यांनी 1874 साली या नळीच्या आतल्या पृष्ठभागाचे भाग पाडून दाखवले होते, ते ती बोटाच्या इशाऱ्याने सांगत गेली : वर कीटकाला खेचणारा, मग घसरवणारा, मग ग्रंथींचा आणि तळाशी अडकवून ठेवणारा. झाकणाच्या आतल्या बाजूला बारीक, ताठ केस, सगळ्यांची टोकं तोंडाकडे. त्याखाली गुळगुळीत पट्टा, तिथे केस नाहीत, पाय रोवायला काही नाही. आणि तळाशी पुन्हा केस, लांब, दाट, सगळे खाली रोखलेले. त्या केसांत मुंग्यांची डोकी आणि पंखांचे तुकडे अजून अडकून होते. खाली जाणाऱ्याला ते केस वाट देतात, वर येणाऱ्याला भाल्यासारखे आडवे येतात. पंखवाल्या कीटकालाही नळीत पंख पसरायला जागा नसते. फ्लाव्हाच्या नळीत कोनीन हे विषारी द्रव्यही सापडलं आहे.

फूल आणि नळी, एकाच झाडाचे दोन दरवाजे. फुलाचा दरवाजा खालून आणि त्याला दुसरी वाट आहे. नळीचा वरून आणि तिला दुसरी वाट नाही. शिवाय फ्लाव्हाची फुलं नव्या नळ्या उघडायच्या आधीच उमलतात. माझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर पहिल्याच दिवशी मिळालं.

दुसरा दिवस

सकाळी ग्रीन स्वॅम्प प्रिझर्व्ह. द नेचर कॉन्झर्व्हन्सी ही संस्था हा भाग सांभाळते, आणि इथे किमान 14 जातींच्या कीटकभक्षी वनस्पती आहेत. नावात दलदल असली तरी आपण चालतो ते लांब सुयांच्या पाइनमधून, खाली गुडघाभर गवत. पाइनची खोडं खालून काळी पडलेली. इथे ठरवून आग लावतात. आग लागली नाही तर झुडपं वाढून गवताळ जमिनीवर सावली धरतात आणि फ्लायट्रॅपसारखं जमिनीलगतचं झाड उन्हाविना संपतं. मध्येच झुडपांचा दाट पट्टा लागतो, तो लाकडी फळ्यांच्या वाटेवरून पार करायचा, मग पुन्हा मोकळं गवत.

फळ्या संपल्या आणि ताईने हात आडवा धरला. "पाय जपून."

मी खाली बघितलं तर काहीच दिसेना. मग गवताच्या मुळाशी एक तांबडा ठिपका दिसला, मग दुसरा, आणि नजर बसल्यावर कळलं की आपण त्यांच्या मधोमध उभ्या आहोत. कुंडीतल्या झाडावरून मला वाटलं होतं त्यापेक्षा कितीतरी लहान. रुपयाच्या नाण्याएवढे सापळे, पानांचा चक्राकार झुबका जमिनीला चिकटलेला.

हात लावायचा नाही हे आमचं आधीच ठरलं होतं. उगाच मिटवलेला सापळा उघडायला झाडाची शक्ती खर्ची पडते आणि प्रत्येक सापळा मोजक्याच वेळा मिटू शकतो. म्हणून पालथं पडून भिंगातून नुसतं बघायचं.

पानाच्या दोन पाळ्या, प्रत्येक पाळीवर आत सहसा तीन केस, त्रिकोणात लावलेले. केस म्हटलं तरी तो लवचीक नाही, वर काठीसारखा ताठ आहे. मुळाशी मात्र एक खाच आहे, बिजागरीसारखी. कीटकाने काठीला धक्का दिला की ती खाचेत वाकते आणि तिथल्या पेशींतून विजेचा संदेश पानभर धावतो. सापळा मिटला तरी केस मोडत नाही, त्याच बिजागरीवर आडवा होऊन पडतो. आजूबाजूला पाळीचा पृष्ठभाग लाल दाण्यांनी भरलेला, त्या पाचकरस सोडणाऱ्या ग्रंथी. कडेला दात, आणि दातांच्या अलीकडे मधुरसाचा अरुंद पट्टा. पानाच्या बाहेरच्या अंगालाही केस आहेत, पण ते चांदणीसारखे फाटे फुटलेले आणि अगदी बारीक. आमच्या भिंगातून ते फक्त धुळीच्या कणांसारखे दिसले. एकाच पानावर इतक्या तऱ्हा, आणि प्रत्येकीचं काम निराळं.

आम्ही बघत असतानाच एक छोटा कोळी पाळीवर चढला. त्याचा पुढचा पाय एका केसाला लागला. केस किंचित वाकला, सरळ झाला. ताई हळू आवाजात मोजायला लागली. एका स्पर्शावर सापळा मिटत नाही; साधारण 20 सेकंदांत दुसरा स्पर्श व्हावा लागतो. पहिल्या स्पर्शाने पेशींत कॅल्शियम वाढतं आणि मग ओसरत जातं. ओसरायच्या आत दुसरा धक्का बसला तर पातळी उंबरठा ओलांडते. ही झाडाची आठवण. जपानमधल्या संशोधकांनी 2020 साली ती चमकणाऱ्या प्रथिनाच्या मदतीने प्रत्यक्ष दाखवली. कोळी जागच्या जागी थांबला होता. अठरा, एकोणीस, वीस. पंचविसाव्याला तो हलला, कडेच्या दातांवरून उतरला आणि गवतात गेला. सापळा उघडाच होता. मी श्वास रोखून धरला होता हे मला तेव्हा कळलं.

मिटल्यावरही हिशोब चालूच राहतो, ताईने सांगितलं. आत अडकलेला कीटक धडपडत केसांना धक्के देत राहतो, आणि पाच-एक धक्क्यांनंतर ग्रंथी पाचकरस तयार करायला लागतात. जर्मनीतल्या वुर्झबर्गच्या संशोधकांनी हे 2016 साली मोजून दाखवलं. पावसाच्या थेंबाने किंवा वाळक्या काडीने सापळा मिटला तर पुढचे धक्के बसत नाहीत, आणि रस वाया जात नाही.

मग आम्ही वर बघितलं. खरं तर हेच बघायला आलो होतो. झुबक्याच्या मधून वीतभर ते फूटभर उंचीचा सरळ दांडा, आणि टोकाला पांढऱ्या फुलांचा गुच्छ, त्यात दोन उमललेली आणि बाकी कळ्या. पाच पाकळ्या, त्यांवर काचेसारख्या पारदर्शक हिरवट शिरा. पंधराच्या आसपास पुंकेसर. मधोमध गोल अंडाशय, त्यावर एक आखूड कुक्षीवृंत. इतकं साधं, खुलं, कोणीही येऊन बसावं असं फूल. ना चिकट केस, ना काटा, ना पडदा. सापळ्यात जेवढी कारागिरी, तेवढा फुलात मोकळेपणा. ताईने दोन फुलं शेजारी शेजारी दाखवली. एकात पुंकेसर टवटवीत, परागकोष फुटलेले, पण कुक्षी मिटलेली. दुसऱ्यात पुंकेसर कोमेजलेले आणि कुक्षी झिरमिळ्यांच्या गोंड्यासारखी फुललेली. आधी नर, मग मादी. एकाच फुलाचे परागकण त्याच्याच कुक्षीवर पडू नयेत म्हणून वेळेचं अंतर.

इथे परत येणाऱ्याला हे सगळं सापडेलच असं नाही, याचं मला फार वाईट वाटतं. हे रोप जमिनीतून उपटून खिशात घालता येतं, आणि लोक घालतात. 2014 च्या डिसेंबरपासून इथल्या चार काउंटींमध्ये, म्हणजे जिल्ह्यांमध्ये, ही चोरी गंभीर गुन्हा ठरते. आम्हाला वाटेत एके ठिकाणी ओळीने उकरलेले खड्डे दिसले. त्या खड्ड्यांपुढे आम्ही दोघी काही न बोलता उभ्या राहिलो.

तिसरा दिवस

पुन्हा ग्रीन स्वॅम्प, पण उजाडताच. कारण आदल्या दिवशी दुपारी दवबिंदूची म्हणजे ड्रॉसेराची सगळी फुलं मिटलेली मिळाली होती. ती उन्हात उमलतात आणि काही तासांत मिटतात. दांड्यावर रोज साधारण एक, खालून वर.

इथे दोन जाती जवळजवळ वाढतात आणि नुसत्या पानांवरून मी सारखी चुकत होते. दोन्हींचे लालसर चमच्यांचे झुबके, दोन्हींवर चिकट थेंब. ताई म्हणाली, "पान सोड. दांडा बघ." भिंग लावलं. एकीचा दांडा तुळतुळीत, ती ड्रॉसेरा कॅपिलॅरिस. दुसरीच्या दांड्यावर आखूड, टोकाला गाठ असलेले ग्रंथिकेस, ती ड्रॉसेरा ब्रेव्हिफोलिया. जात ओळखायची ती फुलाच्या दांड्यावरच्या लवेवरून! चार दिवसांत मी एकच गोष्ट शिकले असते तरी ही पुरली असती.

पानावरचे ते थेंबवाले अवयव मात्र खरे केस नव्हेत. साध्या केसात रसवाहिनी नसते; ड्रॉसेराच्या या शुंडकांच्या, म्हणजे सोंडेसारख्या अवयवांच्या, आत पाणी वाहणाऱ्या पेशींची बारीक नळी जाते. डार्विन यांनी ड्रॉसेरा रोटुंडिफोलियाच्या 31 पानांवरची शुंडकं मोजली होती, सरासरी 192 भरली. कमीत कमी 130, जास्तीत जास्त 260. हे वाचलं होतं, पण एका पानावरची मोजायला बसले तेव्हा त्या माणसाच्या चिकाटीपुढे हात जोडावेसे वाटले. मी साठाच्या पुढे दोनदा चुकले. मधली शुंडकं आखूड, कडेची लांब, आणि एका पानावर बारीक माशी चिकटली होती तिच्याकडे कडेची शुंडकं वाकलेली. फ्लायट्रॅप आणि ड्रॉसेरा एकाच कुळातल्या. फ्लायट्रॅपचे ताठ केस आणि कडेचे दात मुळात अशाच शुंडकांपासून आले असावेत, असा अभ्यासकांचा कयास आहे. काल बघितलेली काठी आणि आजचा हा थेंब भिंगात एकामागून एक ठेवले की तो पटतो.

फूल गुलाबी, पाच पाकळ्यांचं, माझ्या करंगळीच्या नखाएवढं. मधे तीन कुक्षीवृंत, प्रत्येक बुडापासून दुभागलेला, त्यामुळे सहा वाटतात. कळ्यांचा शेंडा विंचवाच्या नांगीसारखा गुंडाळलेला. फूल पानापासून दहा-बारा सेंटिमीटर वर, चिकट थेंबांपासून दूर.

"पण दांड्यावरच चिकट केस असले तर?" मी विचारलं.

ताईला हाच प्रश्न हवा होता. उत्तर अमेरिकेच्या पश्चिम भागात ट्रायँथा ऑक्सिडेंटॅलिस नावाची वनस्पती आहे. ती कीटकभक्षी आहे हे 2021 साली उघड झालं. तिचे चिकट केस फुलांच्या दांड्यावरच आहेत, फुलांना अगदी खेटून. पण त्यांची चिकटाई इतकी हलकी की बारीक चिलटं अडकतात आणि मधमाशी किंवा फुलपाखरू सहज सुटून जातं. इतरांनी अंतर ठेवलं, हिने चिकटपणाच बेताचा ठेवला.

पिंग्विक्युला या चिकट पानांच्या आणखी एका कीटकभक्षी झाडाचा हंगाम सरला होता, एकच निळसर फूल उशिराचं सापडलं. पानं लोण्याचा हात फिरवल्यासारखी. त्यांवर दोन तऱ्हेच्या ग्रंथी : देठ असलेल्या चिकटवायला, पानाला टेकलेल्या पचवायला. आणि फुलाच्या तोंडाशी केसांचा दाट गोंडा, कोरडा. जे झाड पानावर केस चिकट करतं तेच फुलात कोरडे ठेवतं. फुलाला मागे शेपटी, आत दोनच पुंकेसर.

दोन पुंकेसर आणि शेपटी हीच खूण दुपारी गाड्या लावायच्या जागेजवळच्या तळ्यात पुन्हा भेटली. युट्रिक्युलॅरिया, म्हणजे आपल्या सीतेच्या आसवांची गोत्रातली बहीण, फक्त ही पिवळी आणि तरंगणारी. पाण्यावर फुगीर देठांचं चाक, चाकाच्या मधून उभा दांडा, वर दोन ओठांची फुलं. चाक हा तराफाच, फूल पाण्यात बुडू नये म्हणून. आणि सापळे खाली पाण्यात, मोहरीहून लहान पिशव्या. पाण्याशी डोकं नेल्यावर काठाच्या उथळात त्या पारदर्शक दिसल्या, एकीत काळा ठिपका. दारावरच्या केसांना धक्का लागला की दार आत उघडून पाणी शोषलं जातं, तेही सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आत. हे डोळ्यांना दिसणं शक्य नाही, आम्हालाही दिसलं नाही. पिंग्विक्युला आणि युट्रिक्युलॅरिया एकाच कुळातल्या. एकीचा सापळा चिकट पान, दुसरीचा पिशवी. सापळ्यावरून कोणी त्यांचं नातं जोडलं नसतं. फुलं शेजारी ठेवली तर लहान मूलही सांगेल.

चौथा दिवस

शेवटचा दिवस कॅरोलायना बीच स्टेट पार्कमध्ये. तिथली फ्लायट्रॅप ट्रेल म्हणजे जेमतेम अर्ध्या मैलाचा फेरा, आम्हाला पाच तास लागले. आज एकाच फुलाच्या झुबक्यापुढे बसून कोण कोण येतं ते बघायचं ठरलं होतं.

नॉर्थ कॅरोलायना स्टेट युनिव्हर्सिटीच्या अभ्यासकांनी हेच काम पद्धतशीर केलं आणि 2018 साली छापलं. इतकं प्रसिद्ध झाड, पण त्याचं परागण कोण करतं हे तोवर कोणी नीट तपासलंच नव्हतं. त्यांना फुलांवर शंभराच्या आसपास तऱ्हांचे कीटक मिळाले. परागकण वाहण्याचं खरं काम मात्र मुख्यतः तिघांचं निघालं. एक छोटी हिरवी मधमाशी, ऑगोक्लोरेला ग्रॅशियोसा, आणि दोन भुंगेरे. सापळे उघडून शिकार तपासली तर या तिघांपैकी एकही त्यात नव्हता. सापळ्यांत सापडतात बहुतेक मुंग्या आणि कोळी, म्हणजे चालत येणारे. उडणारे फार थोडे. जमिनीवरून येणारा पानाला, हवेतून येणारा फुलाला, आणि मध्ये तो उंच दांडा.

अकराच्या सुमाराला एक भुंगेरा आला, पाकळीवर बराच वेळ बसला आणि उडून गेला. मग बराच वेळ काही नाही. एक मुंगी दांड्यावरून अर्धी चढून परत फिरली. खाली सापळ्यांच्या लाल तोंडांवर ऊन आलं होतं.

मग ती आली. तांदळाच्या दाण्याएवढी, अंग धातूसारखं हिरवं. ताज्या फुलाच्या पुंकेसरांवर उतरली आणि पायांनी परागकोष कुरवाळत गोल गोल फिरली. ताईने माझा दंड घट्ट धरला. भिंगातून मधमाशीच्या मागच्या पायांवरचे केस दिसत होते, दाट, आणि त्यांत परागकण भरत चालले होते. हेही केसच, चार दिवसांत बघितलेल्या केसांच्या यादीत हे माझ्या ध्यानातही आले नव्हते.

ती उडाली, खाली नाही, आडवी, हातभर अंतरावरच्या दुसऱ्या झाडाच्या दांड्याकडे. तिथे जुनं फूल होतं, पुंकेसर सुकलेलं, कुक्षी फुललेली. ती त्यावर क्षणभर टेकली, काही मिळालं नसावं, लगेच निघून गेली. ताईने भिंग गळ्यातून काढून माझ्या हातात दिलं. मी वाकून बघितलं. कुक्षीच्या झिरमिळ्यांमध्ये चार-पाच कण अडकले होते.